तुटक रेषा

आचऱ्याच्या खाडीवर आता पूल आहे,
तरी मी पहाटे जुन्या तरीच्या धक्क्यावर जाऊन आलो.
तिथून सुरुवात व्हायला हवी होती म्हणून.
चार पायऱ्या पाण्यात, पाचवी शेवाळात,
सहावीवर एक बगळा.
मग पुलावरून आलो पलीकडे, डंपर चुकवत.

पिशवीत दोन घावणे, गुळाचा खडा,
आणि गावनकाशा, घडीवर घडी पडून
नेमकं समुद्राच्या जागी भोक पडलेला.

त्यात रस्ता दोन रेघांचा,
ओहोळ एका रेघेचा,
आणि पायवाट तुटक,
जणू चालणारा दर दहा पावलांवर
कोणाशी तरी बोलत थांबलाय.

लोक म्हणायचे, देवाची वाट.
शिवरात्रीला देव याच वाटेनं
कुणकेश्वराला समुद्रात न्हायला जायचे.
पुढे ढोल, मग तरंग, अब्दागीर,
मागे लेकरं काखेत मारून बायका,
सगळ्यात शेवटी एखादा लंगडा, स्वतःच्या वेगानं.

सड्यावर अकरा वाजता सावली नसते.
कातळ असा तापतो की चप्पल विचार करते.
पण नीट पाहिलं तर
जांभ्यात एक पन्हळ आहे, वीतभर खोल,
पाण्यानं नव्हे, टाचांनी घासलेली.
मी वाकून तिच्यात हात ठेवला.
आतून गुळगुळीत. गरम.

पन्हळ एका गडग्यापाशी संपली.
पलीकडे हापूसची कलमं, मोहर,
औषधाचा उग्र वास, लोखंडी फाटक
आणि फाटकात दिलमान थापा,
बारा वर्षं राखणीला, मालवणी तोंडात मुरलेली.
"खंय?"
म्हटलं, कुणकेश्वर.
"चालत?"
चालत.
त्यानं मला खालून वर पाहिलं, चपलेपासून टोपीपर्यंत.
म्हणाला, आईसोबत मुक्तिनाथला चाललो होतो,
सात दिवस, वाटेत कोणी दार लावलं नव्हतं.
मग कुलूप काढलं.
"कुत्रो चावत नाय. पण पळू नका."

पळणार कुठे?
हा गडगा माझाच आहे.
म्हणजे जमीन नव्हे, कागद माझा.
चौतीस वर्षांपूर्वी याच हद्दीची मोजणी,
मे महिना, तेहतीस फुटांची साखळी हातात तापलेली,
आणि बागायतदाराच्या घरचं कोकमाचं सरबत.
पैसे घेतले नाहीत. शपथेवर सांगतो.
फक्त फणसाखालून उठलो नाही.
बसल्या जागी लिहिलं:
"प्रत्यक्ष जागेवर वाट आढळून येत नाही."
अक्षर छान होतं माझं.

त्या वर्षीपासून देव डांबरी रस्त्यानं जाऊ लागले,
पुढे पुढे टेम्पोतून.

तांबळडेगला सुरूच्या बनात
शेवंती तांडेल खारं पालटत बसली होती.
वर न पाहता म्हणाली,
"भरती इली हा. वायच बसा."
बसलो.
तिनं तांब्या दिला, पाणी मचूळ होतं, सगळं प्यालो.
तिला आठवत होतं:
नवव्या वर्षी इथेच देवाला थांबवून
तिच्या आजीनं ढोलकऱ्यांना पेज वाढली होती.
"तेवा वाट होती," ती म्हणाली.
"मगे कोणीतरी गेली म्हणान लिवल्यान."
मी वाळूकडे पाहत राहिलो.
कोण ते सांगणार होतो,
पण तेवढ्यात एक कावळा बांगडा घेऊन उडाला
आणि ती काठी घेऊन धावली.

ओहोटीला निघालो.
कातवणच्या टेकडीवर गुडघ्यानं तक्रार केली.
उतरताना दिवे लागले होते देवळाचे.
शिवरात्रीला अजून एकोणीस दिवस,
आवारात कोणी नाही, फक्त मंडपाचे बांबू आडवे पडलेले.
देवाला काय सांगायचं ते जुळवत आलो होतो दिवसभर.
समोर उभा राहिलो तर एकच आठवलं,
चप्पल बाहेर नीट ठेवली का?

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, कुठून आलात?
आचऱ्याहून, चालत, जुन्या वाटेनं.
"वाट आहे तिथं?"
आहे, म्हटलं. आज स्वतः पाहिली.
पंच दोन, दिलमान थापा, शेवंती तांडेल,
दोघांचे जबाब…
"सुटे द्या," तो म्हणाला.